एकांतरा

गोळीची एक कड तुटली होती आणि तिची पांढरी भुकटी मनकर्णाच्या अंगठ्याच्या रेघांत बसली होती… अशा चार गोळ्या. हिवताप खात्याचा माणूस सकाळीच मेहकरहून सायकलवर आला, तिच्या नवऱ्याच्या, उकंडरावांच्या, बोटाला सुई टोचून त्याने काचेवर रक्ताचा थेंब घेतला आणि जाताना बजावलं, "एकांतरा दिसते, बाई. एक दिवस आड येते. पोटात काही गेल्याबिगर गोळी देऊ नका. घाम आला का कपडे बदला, पाणी देत राहा."

आत बाजेवर तिचा नवरा कण्हत होता. मघाशी दोन घोंगड्यांखाली दात वाजत होते, मग अंग तापलं, आणि आता ताप उतरताना मानेवर गार घाम फुटला होता. ते कण्हणं ऐकायला तिला बरं वाटत होतं — पिंढऱ्या पिळल्यासारख्या होतात ना? हात उचलवत नाही? नकोच उचलू दे.

"मनकर्णे, गोळी दे वं…"

"पेज होऊन राह्यली."

पेज केव्हाच झाली होती. शिजलेल्या पेजेत ती उगाच पळी फिरवत राहिली — चार वर्षांमागे, कापूसवेचणीच्या दिवसांत, तिला हेच दुखणं, हाच घाम, उठलं की डोळ्यांपुढे अंधारी, आणि वर पाचवा महिना. तेव्हा कुणी सुई टोचली नाही. हे दारात उभे राहून म्हणाले, "सोंग नको करू. कामाले लागली का घाम आपोआप सुकते." ती गेली. दुपारी कपाशीच्या ओळीतच पोट पडलं. कलाबाईने, जावेने, लुगड्याचा आडोसा धरला, आणि हे पलीकडे गाडीत कापूस भरत राहिले. बाईच्या अंगाचं असंच असतं, असं तिनेही समजून घेतलं… आणि आज एका थेंबावरून कळलं की त्या दुखण्याला नाव होतं. गोळ्याही असतील तेव्हा, पाच कोसांवर.

पेज पार निवल्यावर तिने ती नेली. घोट घोट पाजली, गोळ्या दिल्या, ओला सदरा सोलून काढला, पाठ पुसली. पाठ गार होती, मेल्यासारखी.

उकंडराव तिच्याकडे बघत होते.

"तुले… तवा असंच होत होतं काय?"

या एका प्रश्नाची तिने चार वर्षं वाट पाहिली होती. भांडी घासताना, निंदताना उत्तरं जुळवली होती, लांबलचक, शिव्याशाप घातलेली.

"नाई," ती म्हणाली. "मले कुठं काय झालं होतं? सोंग करत होती मी."

त्यांचा हात चाचपडत पुढे आला. तिने आपला हात काढून घेतला आणि ओला सदरा पिळायला घेतला. ते तोंड भिंतीकडे करून पडले. खांदे हलत होते, आणि आता ती थंडी नव्हती.

हे बोलून टाकलं की छाती हलकी होईल, असं तिला वाटलं होतं. झाली नाही… परवा पुन्हा तापाची पाळी. गोळ्यांनी ती चुकेलही, म्हणाला होता तो माणूस. चुकू नये, असं तिच्या मनात आलं, आणि तसं आल्याची लाज तिने आत खूप शोधली… ती कुठेच सापडेना.