पुट्टीवर टांगलेली चाकं

विकायला काढलेल्या जुन्या मोटारीला पुढचं नवं सस्पेन्शन बसवायचं काम दिरानं गॅरेजात आणलं, तेव्हाच वहिनीला शंका आली होती. जुने सांधे कापून झाले. नवा आडवा बार कुठे जोडायचा ते बघायला तिनं चेसिसच्या लोखंडी सांगाड्यावर हातोडी मारली, तर ठण्ण वाजायच्या जागी भद्द वाजलं. तिनं खरवडलं. चकचकीत काळ्या रंगाखालून पुट्टी निघाली, पुट्टीखालून तेलकट चिंध्या आणि चिंध्यांत मेलेला उंदीर. लोखंड केव्हाच गंजून गेलं होतं. नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा!

"भावजी, ही घाण कुणी भरली?"

"मीच की!" दीर मिशीत हसला. "आहे ना हातात सफाई? वहिनी, तू नुसते वरून वेल्डिंगचे चार टाके मार. एकदा गिऱ्हाइकाच्या गळ्यात मारली की सुटलो."

वहिनीनं आयुष्यात उंदीर पुष्कळ पाहिले होते. असं निलाजरं हसू मात्र पहिल्यांदाच पाहिलं. पुढची चाकं, इंजिनाचं ओझं, सगळं या लगद्यावर टांगायचं आणि हा बाबा स्वतःचीच पाठ थोपटतोय!

"मारते टाके," ती म्हणाली. "पण पहिली फेरी तुम्ही मारायची. उतारावरून. मागे तुमच्या पोरींना बसवून."

"पोरींना कशाला?" दीर पटकन बोलून गेला आणि त्याचं हसू मावळलं.

वहिनीनं पक्कडीनं उंदीर उचलला आणि त्याच्या तळहातावर ठेवला.

"मग याला न्या. याला या गाडीची सवय आहे."