शेवटच्या पानावरची सही

मी एक जुनी पुस्तिका आहे. पाने बत्तीस, पुठ्ठा निळा, आणि पाठीवर कुणीतरी ठेवलेल्या चहाच्या कपाचे वलय. माझे नाव विश्वासांगीकार. मित्रांनो, नावाला बिचकू नका. आमची बॅप्टिस्ट मंडळी, म्हणजे आमचे चर्च, देवाविषयी, तारणाविषयी आणि बाप्तिस्म्याविषयी काय मानते, ते माझ्यात लिहिले आहे, इतकेच.

माझे शब्द माझ्यापेक्षा फार जुने आहेत. साडेतीनशे वर्षांपूर्वी काही साध्यासुध्या विश्वासणाऱ्यांवर लोक वाटेल ते आळ घेत. तेव्हा "आम्ही काय मानतो ते आमच्याच तोंडून ऐका" म्हणून त्यांनी सारे लिहून काढले. मला मात्र मंडळीतल्याच एका म्हाताऱ्या छपाईवाल्याने शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवून छापले. तो प्रत्येक ओळ मोठ्याने वाची. शेवटचे पान छापून होईपर्यंत मी त्याला तोंडपाठ झाले होते, आणि त्याच्या बायकोलाही!

या मंडळीत बाप्तिस्मा देतात तो स्वतःच्या तोंडाने विश्वास कबूल करणाऱ्यालाच, आणि पाण्यात पूर्ण बुडवून. त्यानंतर नव्या सभासदाने मला वाचायचे, पटले नाही तिथे विचारायचे आणि मगच शेवटच्या पानावर सही करायची, अशी रीत होती. दर बुधवारी मंडळीचे धर्मगुरू, पाळकसाहेब, माझे एक कलम समजावून सांगत. मंडळीतला एक पोस्टमन हटकून डुलकी घेई, पण "आमेन" मात्र सगळ्यांत मोठ्याने म्हणे. तेव्हा माझा भाव चांगलाच वधारला होता, खोटे कशाला बोलू?

पाळकसाहेब थकले आणि औषधांच्या दुकानाचा मालक मंडळीचा सेक्रेटरी झाला. माणूस सोन्यासारखा, पण सदा घाईत. "पवित्र शास्त्र आहे ना? मग हे शेपूट कशाला?" म्हणत त्याने मला मोडक्या पंख्यांच्या कपाटात टाकले. मला वाईट वाटले आणि रागही आला. मी कधी शास्त्राच्या खुर्चीवर बसले होते? अखेरचा शब्द शास्त्राचाच, म्हणजे बायबलचाच, हे तर माझे पहिलेच कलम!

पुढे पाळकसाहेब निवृत्त झाले. दोन वर्षे मंडळी पाळकावाचून राहिली. आजाऱ्याच्या उशाशी बसायला कुणी नाही, उपदेशाला दर रविवारी नवा पाहुणा. माणसे एकेक करून येईनाशी झाली. अशात एक तरुण प्रचारक आला. तो असा बोलला की पोस्टमनसुद्धा जागा राहिला! त्यालाच पाळक नेमायचे, असे सेक्रेटरीने मनात पक्के केले. रविवारी दुपारी हात वर करून मत घ्यायचे ठरले.

त्या सकाळी निवृत्त नर्स, जिला सारी मंडळी आत्या म्हणते, सेक्रेटरीसमोर उभी राहिली.

"त्याला विश्वासांगीकार वाचायला दिलास का रे?"

"आत्या, तो बायबल मानतो. अजून काय पाहिजे?"

"बायबल मानतो म्हणणारे छप्पन्न सापडतील. बायबल काय शिकवतं, असं त्याला वाटतं? ते विचार की!"

आत्यापुढे कुणाचे काही चालत नाही. पंखे बाजूला झाले, मला झटकले गेले, आणि प्रचारक मला घेऊन बाकावर बसला. त्याने घाई केली नाही. एका कलमापाशी तो पुन्हा पुन्हा मागे येत होता. माझा जीव टांगणीला लागला.

सभेत तो उभा राहिला. "बाकी सगळ्याला माझं आमेन आहे. पण विश्वासणाऱ्यांच्या तान्ह्या बाळांनाही बाप्तिस्मा द्यावा, असं मी मनापासून मानतो. हे कलम मला नाही पटत."

सेक्रेटरी कळवळला. "अहो, एवढंच ना? सही करा आणि त्या विषयावर बोलू नका!"

प्रचारक हसला. "आज खोटी सही केली, तर उद्या माझ्या उपदेशावर तुम्ही विश्वास कसा ठेवाल?"

मत घेतलेच नाही. वाईट सगळ्यांना वाटले, पण वैर कुणाचेच झाले नाही. आत्याने त्याला आग्रहाने जेवू घातले. आठ महिन्यांनी त्यानेच आपल्या ओळखीच्या एका पाळकाचे नाव सुचवले. ते आले, त्यांनी पान न् पान वाचले आणि सर्वांसमोर माझ्यावर सही केली. टाळ्या माझ्यासाठीही होत्या, असे मी धरून चालते.

त्यांची सही वाळते आहे तोच सेक्रेटरी शेवटचे पान निरखू लागला. वरून खाली, खालून वर. त्याचे नावच तिथे नव्हते. वीस वर्षांपूर्वी घाईघाईत "नंतर करतो" म्हणून तो गेला होता, तो गेलाच! लोक हसले, तोही हसला. "आता कर की," पोस्टमन म्हणाला.

"नाही," तो म्हणाला. "आधी वाचतो."

आठवडाभर मी त्याच्या दुकानात औषधांच्या बाटल्यांशेजारी राहिले. गिऱ्हाईक नसले की तो एका बाजूला शास्त्र, एका बाजूला मला उघडी, आणि मी सांगते ते तिथे आहे का, हे बोटाने ताडून पाही. मित्रांनो, असे वाचणारा भेटावा म्हणून तर माझा जन्म! मला पूजू नका आणि धूळही खाऊ देऊ नका. वाचा, तपासा, न पटले तर खुशाल सांगा, पण न वाचता सही करू नका.

रविवारी तो मंडळीसमोर उभा राहिला. या वेळी घाई न करता त्याने शेवटच्या पानावर सही केली.

"आत्या," तो म्हणाला, "वीस वर्षं मी इथे येतोय. पण सभासद आज झालो."