शिवांगी उठली तेव्हा

पुतण्या ईशान जर्सी सिटीहून गाडी पिटाळत पार्सिपनीला आला आणि दारातूनच ओरडला, "काकू, अपिलाचा निकाल लागला! काकांची शिक्षा रद्द!"

उत्तराकाकूंनी हातातला चहा खाली ठेवला. "म्हणजे हे सुटले?"

"नाही हो. टॅक्स चुकवलाय, तो गुन्हा आहेच. पण शिक्षा पुन्हा ठरवायची, त्याच जजने."

"मग तो परत चार वर्षंच देईल की!"

"देऊ शकतो. किती द्यायची ते त्याच्याच हातात आहे, त्यात वरचं कोर्ट सहसा पडत नाही. पण तुमचं डायलिसिस, काकांशिवाय घरात कुणी नाही, हे आपण सांगितलं आणि तो त्यावर अवाक्षर बोलला नाही. अशा मुद्द्याला जजला उत्तर द्यावंच लागतं. तिथे अडकला ना यार!"

काकूंना शिक्षेचा दिवस आठवला. त्या दिवशी जजने शिक्षा सुनावताच काकांची वकील शिवांगी ताडकन उठून म्हणाली होती, "आमच्या मुद्द्याला उत्तरच मिळालं नाही." जज चिडेल या भीतीने काकू मागच्या बाकावरून कुजबुजल्या होत्या, "बस गं खाली!" ईशाननेही नंतर तिला चांगलंच झापलं होतं.

"शिवांगी तेव्हाच उठली म्हणून जमलं, काकू. गप्प बसली असती तर हरकत नोंदलीच गेली नसती आणि अपील लंगडं पडलं असतं."

काकूंनी लगेच फोन लावला. "शिवांगी, यावेळी तो जज बोलला नाही ना, तर तुझ्याआधी मी उठेन!"

पलीकडून शिवांगी खळखळून हसली. "काकू, तुम्ही मात्र बसा हं खाली!"