नातीचा व्हिसा

माझ्या दुकानातून गेलेला फॉर्म परत येत नाही, असं मी धावड्यात चारचौघांत छाती पुढे काढून सांगायचो. जातीचा दाखला, पीकविमा, आधारातली दुरुस्ती, काय म्हणाल ते. त्यामुळे भिवाकाका हिवाळे सुनेचा आणि नातीचा भारताचा व्हिसा काढायला आले, तेव्हा मला बिलकुल भीती वाटली नाही. वाटायला हवी होती.

काकांचा राजानंद माझ्याच वर्गातला. व्हिएतनामला योग शिकवायला गेला, तिथल्याच लानशी लग्न केलं आणि गेल्या वर्षी हनोईच्या रस्त्यावर अपघातात गेला. अंत्यविधी आम्ही मोबाइलवर पाहिला. तीन वर्षांची लिनसुद्धा मोबाइलमध्येच दिसायची. चांगुणाकाकूंनी आपल्या नातीला एकदाही हात लावलेला नव्हता. आता लान तिला घेऊन येणार होती. त्यांच्याकडच्या नववर्षाच्या सुट्टीतले मोजून सहा दिवस तिला मिळत होते. त्यातला रविवार राजानंदच्या वर्षाच्या पुण्यानुमोदनाला धरला आणि भंतेजींना निरोप गेला.

खरं तर लान स्वतःच फॉर्म भरणार होती. मीच शहाणपणा केला. म्हटलं, आपल्या देशाचा फॉर्म आहे, आपणच भरू.

फॉर्म काय, चौकशीच होती सगळी. धर्म कोणता, बापाचा जन्म कुठला, अंगावर ओळखीची खूण काय. त्यासाठी लानला व्हिडिओ कॉल लावला. लिनची खूण चांगुणाकाकूंनीच शोधली.

"डाव्या कानामागं तीळ हाय बघ, वसंता! राज्याला बी बराबर तिथंच व्हता," काकू म्हणाल्या आणि पदर डोळ्यांना लावला.

मग आडनावाचा रकाना आला. मायलेकी दोघींच्या पासपोर्टवर 'न्गुयेन' होतं. माझा हात थांबला.

"माहेरचं आडनाव कशाला टाकून राह्यला?" भिवाकाका म्हणाले. "सून आमची, नात आमची. हिवाळे टाक."

मी रोज तेच करतो. लग्न झालेली पोरगी दुकानात आली की माझा पहिला प्रश्न, सासरचं आडनाव काय? लानचा पासपोर्ट जुना असेल, नाव बदलायचं राहिलं असेल, लिनचंही आईवरूनच पडलं असेल, असं मी धरून चाललो. त्या लोकांत लग्नानंतरही बाई स्वतःचंच आडनाव ठेवते, हे विचारायला मला एक मिनिट लागलं असतं. रकान्याखाली 'पासपोर्टवर आहे तसंच' असं लिहिलेलं होतं. ते मी वाचलं. वाचून हिवाळे टाकलं.

व्हिसा मंजूर होऊन आला. कुणीही अडवलं नाही. काकांनी राजूरच्या बाजारातून लिनला अंदाजाच्या मापाचा पिवळा फ्रॉक आणला.

शुक्रवारी दुपारी हनोईच्या विमानतळावरून लानचा फोन आला. काउंटरवरच्या बाईने एका हातात पासपोर्ट आणि दुसऱ्या हातात व्हिसाचा कागद धरला होता. नावं जुळत नाहीत, विमानात बसता येणार नाही. मी म्हटलं, बाईला फोन दे. माझ्या मोडक्या इंग्रजीत सांगितलं, फोटो तोच, पासपोर्टचा नंबर तोच, पोरगी तीच. बाईने तेच वाक्य तितक्याच गोड आवाजात पुन्हा म्हटलं. मी ओरडलो. दुकानातली गिऱ्हाइकं बघत राहिली. मदतीच्या नंबरवर फोन लावला, तिथे कळलं की अर्ज नव्याने करावा लागेल आणि प्रवासाच्या निदान चार दिवस आधी. रविवार परवावर होता आणि पुढच्या गुरुवारी लानला कामावर हजर व्हायचं होतं. नवा व्हिसा येऊन जे दिवस उरले असते, ते येण्याजाण्यातच संपले असते.

लान मला एका शब्दाने बोलली नाही. पुढच्या वर्षी सुट्टीत येऊ, एवढंच म्हणाली. तिच्यामागे लिन बॅगेवर डोकं टेकून झोपली होती. लान बोलली असती तर बरं झालं असतं. मला शिव्या हव्या होत्या.

काकांच्या घरी जाऊन सांगितलं. "माह्यामुळंच झालं," भिवाकाका म्हणाले.

"न्हाई काका. वाचता मला येत व्हतं."

रविवारी पुण्यानुमोदन झालं. लान-लिनला दिसावं म्हणून व्हिडिओ कॉल लावून राजानंदच्या फोटोसमोर मोबाइल उभा करून ठेवला होता. वंदना सुरू झाली आणि रेंज गेली. मी मोबाइल घेऊन अंगणात, रस्त्यावर, पार शाळेपर्यंत फिरलो. परत आलो तोवर सगळं आटोपलं होतं.

माणसं पांगल्यावर काकूंनी मला बोलावलं. "त्यो कागद हाय का तुह्याकडं?"

"हाय. पण कामाचा न्हाई राह्यला, काकू."

"असू दे. वाच."

मी वाचलं. हिवाळे लिन. त्यांनी पुन्हा वाचायला लावलं. मग कागद हातातून काढून घेतला.

"मंग आता पुढच्या साली तिचं हाय तेच आडनाव टाक, बराबर," त्या म्हणाल्या. "ह्यो मात्र मला राहू दे. ह्याच्यावर ती आमची हाय."

पेटीतल्या पिवळ्या फ्रॉकची घडी उलगडून त्यांनी कागद आत ठेवला आणि पेटी बंद केली. पुढच्या वर्षी तो फ्रॉक तिला होणार नव्हता. ते काकूंनाही ठाऊक होतं, मलाही.