सागपेठचा थांबा

मथुराबाईंना सागपेठला उतरायचंच नव्हतं. सतरा वर्षांची नवरी, मुंडावळ्या ट्रंकेत, आणि किनवटकडून आदिलाबादला निघालेलं अख्खं वऱ्हाड. पुढे बेल्याहून नवऱ्याकडचे लोक बैलगाड्या घेऊन आदिलाबाद स्टेशनवर थांबणार होते. मध्येच सागाच्या जंगलात गाडी उभी राहिली आणि हललीच नाही. पुढे लाकडाच्या मालगाडीचे डबे रुळांवरून घसरले होते.

तेव्हा सागपेठ म्हणजे एक विहीर, एक लाकडाचा डेपो आणि स्टेशनमास्तरचं क्वार्टर. वैशाखाचं ऊन. संध्याकाळपर्यंत लोकांच्या शिदोऱ्या संपल्या. स्टेशनमास्तरच्या बायकोला, रेणुकाबाईंना, मराठी जेमतेम यायचं, पण त्यांनी घरातला तांदूळ काढला आणि चुलीवर मोठं पातेलं चढवलं. तेवढ्यात सगळ्यांचं कसं भागणार? कुणी फुटाणे काढले, कुणी गूळ, आणि ती रात्र निभली.

स्टेशनमास्तरने आदिलाबादला तारेने निरोप दिला. सकाळी ऊन चढायच्या आत धुळीचा लोट उठवत बेल्याच्या बैलगाड्या थेट सागपेठला येऊन थडकल्या. गोरज मुहूर्त त्याच संध्याकाळचा. मुलीच्या वडिलांनी व्याह्यांकडे पाहिलं, व्याह्यांनी भटजींकडे. भटजी म्हणाले, "मुहूर्ताले जागा लागत नाई, मानसं लागतात."

अंतरपाटाला स्टेशनमास्तरचं धुतलेलं धोतर धरलं. हळद लावलेल्या ज्वारीच्या अक्षता गाडीतल्या प्रवाशांनी टाकल्या. ना ओळख, ना नातं. तरी मुलीची पाठवणी करताना रेणुकाबाई हुंदके देऊन रडल्या.

बैलगाडीत बसल्यावर नवरदेव, म्हणजे अमृतराव, मागे वळून स्टेशनकडे बघत होते. मग बायकोशी पहिल्यांदा बोलले ते एवढंच.

"इथं दुकान पायजे."

मथुराबाईंना वाटलं, आपल्याला फार विचित्र नवरा मिळाला.

पण अमृतरावांनी पाहिलं होतं. लेकरं खाऊसाठी रडत होती, बापाच्या हातात पैसे होते आणि विकणारं कुणी नव्हतं. दिवाळीनंतर दोघं सागपेठला आली. स्टेशनसमोर पत्र्याचं शेड टाकलं. गूळ, मीठ, विड्या, रॉकेल. पहिली दोन वर्षं मथुराबाईंना करमलं नाही. संध्याकाळी त्या रेणुकाबाईंच्या अंगणात जाऊन बसायच्या. एक मराठीत बोलायची, दुसरी तेलुगूत, आणि दोघींना सगळं समजायचं. रेणुकाबाईंच्या नवऱ्याची बदली झाली, त्या दिवशी मथुराबाईंनी घरात चूल पेटवली नाही.

मग गाव वाढायला लागलं. कापसातली सरकी काढणारा जिन आला. बेल्याकडची, वांकिडीकडची मराठी घरं आली. गोंड बाया मोहफुलं आणि चारोळी घेऊन गुरुवारच्या बाजाराला यायला लागल्या. डेपोचा उर्दू बोलणारा मुन्शी इथेच जमीन घेऊन राहिला. मराठी शाळा निघाली, नंतर तेलुगू. जो येई तो रेल्वेने येई, म्हणून प्रत्येक दुकानाचं तोंड स्टेशनकडे. अमृतरावांच्या शेडचं पक्कं दुकान झालं. त्यांचा मुलगा भूषण तिथेच गल्ल्यावर बसून मोठा झाला.

पुढे लहान रूळ काढून मोठे टाकायचं ठरलं आणि गाड्या बंद झाल्या. काही वर्षं रुळांच्या जागी नुसती खडी. तेवढ्यात गावाच्या पाठीमागून मोठा रस्ता गेला, बस तिकडे थांबायला लागल्या. दुकानदारांनी एकेक करून मागच्या भिंती फोडल्या आणि तिकडे दारं काढली. भूषण म्हणाला, "बाबा, आपन बी फोडू."

"फोड," अमृतराव म्हणाले, "पन समोरचं दार बंद करू नको."

मोठ्या रुळांवरून पहिली गाडी आली त्या दिवशी सगळं गाव फलाटावर होतं. अमृतराव पांढरं धोतर नेसून, हातात झेंडूचा हार घेऊन उभे. गाडी आली, शिट्टी वाजली, डब्यांमागून डबे गेले. वेग कमीसुद्धा झाला नाही. सागपेठला थांबाच नव्हता. धूळ बसली तरी लोक तिथेच उभे होते. अमृतरावांनी हार भूषणच्या हातात दिला आणि घरी येऊन पाणी मागितलं.

थांब्यासाठी मग गावाने काय नाही केलं? अर्ज दिले, सह्यांचे कागद नेले, साहेबांना भेटले. अमृतराव प्रत्येक वेळी पुढे. गेल्या पावसाळ्यात ते न्हाणीत पडले, कंबरेचं हाड मोडलं आणि कॉट धरली. थांबा मिळाला तो त्यानंतर, यंदाच्या संक्रांतीला.

"तू जा," ते मथुराबाईंना म्हणाले. "मले सांगजो."

नात यामिनी आदिलाबादला बँकेत आहे, ती मुद्दाम सुट्टी घेऊन आली होती. तिचा हात धरून मथुराबाई फलाटावर गेल्या. यावेळी गर्दी नव्हती. तरण्या पोरांना बसची सवय झालेली. गाडी आली, थांबली. पाठीला फवारणीचा पंप लावलेला एक माणूस उतरला, कॉलेजची एक पोरगी, आणि एक म्हातारं जोडपं. गाडी निघून गेली.

परतताना मथुराबाईंनी ठरवलं होतं, फलाट भरला होता म्हणून सांगायचं. पण कॉटशेजारी बसल्यावर त्यांना खोटं बोलवेना.

"थांबली?" अमृतरावांनी विचारलं.

"थांबली. चांगली थांबली."

"किती जन उतरले?"

"चार," त्या म्हणाल्या. "चारच."

अमृतरावांच्या चेहऱ्यावर हळूहळू हसू आलं.

"चार का? आपन आलो तं दोघंच होतो." मग म्हणाले, "चहा पेले का ते?"

"कुठून पेतील? फलाटावर कोनी नाई."

"मंग भूषणले सांग."

भूषण आधी कुरकुरला. चार लोकांसाठी कोण स्टो पेटवेल? पण सपनानेच, त्याच्या बायकोने, थर्मास काढला. आता गाडीच्या वेळी ती नाहीतर भूषण फलाटावर असतात. कधी दोन कप खपतात, कधी दहा. मथुराबाई संध्याकाळी अमृतरावांना उशीला टेकवून बसवतात आणि आज कोण कोण उतरलं ते सांगतात. बोथ गावात मास्तरकी करणारा पोरगा, माहेरी आलेली कुणाची लेक, कापसाचे व्यापारी. नाव ठाऊक नसलं की अमृतराव रागावतात.

"विचारत जा ना," म्हणतात. "आपल्या गावात आलं मानूस."