गुरकाराचं भात

सेवरीनने टोपलीतली लोंबी उचलली, पान जिथे देठाला बिलगते तो सांधा नखाने हलकेच उकलला, खिडकीच्या उजेडात धरून पाहिला आणि लोंबी टोपलीत परत न ठेवता बाजूच्या बाकावर ठेवली. मग दुसरी उचलली. मग तिसरी.

“कशी आहेत?” बोनिफासने विचारले. वाड्याचा गुरकार, म्हणजे चॅपेलभोवतीच्या वस्तीचा पुढारी, होऊन त्याला चार महिने झाले होते आणि चार महिन्यांत त्याचे कौतुक कोणी केले नव्हते.

“सुंदर आहेत,” सेवरीन म्हणाली. “पण हे भात नाही.”

“म्हणजे?”

“पाखड आहे. तण. भातात उगवतं, भातासारखं दिसतं आणि भाताचं खत खाऊन भाताच्या आधी फुलतं.”

बोनिफास विमा विकत असे. वाईट बातमी शांतपणे सांगण्याची त्याला सवय होती, ऐकण्याची नव्हती. “डॉक्टरबाय, मी स्वतः चिखलात उतरून कापलंय. नवी पँट होती अंगावर.”

“पँटचं वाईट वाटतं,” ती म्हणाली, आणि तिला खरेच वाटत होते.

बाहेर चॅपेलच्या अंगणात मुले परड्या घेऊन जमू लागली होती. बाळ मारियेला नऊ दिवस फुले वाहण्याचा आज शेवटचा दिवस, उद्या मोंती फेस्त, तिच्या जन्माचा सण. उद्या बाळ मारियेपुढे नवे भात आशीर्वादले जाणार, घरोघरी जाणार, त्याचे दाणे सोलून, कुटून, नारळाच्या रसात कालवून घरातला वडीलधारा प्रत्येकाच्या हातावर चमचाभर ठेवणार आणि मगच केळीची पाने मांडली जाणार. ते भात आणणे हे वाड्याच्या गुरकाराचे काम. ते बिनपगारी असते, आणि त्याबद्दल मिळणारी बोलणीही फुकटच. लाझर तावरो यांनी ते तहहयात केले आणि यंदा, ईस्टर तोंडावर आलेले असताना, तक्रार न करता ते सोडून गेले. सेवरीन त्यांची मुलगी. घाटापलीकडच्या एका भात संशोधन केंद्रात ती वाण तयार करते, आणि चॅपेलमध्ये वडिलांच्या अंत्यविधीनंतर आजच येत होती. यंदाचे भात लाझरबाबांच्या स्मरणार्थ त्यांच्या मुलीच्या हातून वाटले जाईल, असे फादर सिप्रियन यांनी गेल्या रविवारीच जाहीर केले होते. तिने होकार दिला तो एका अटीवर : बोलायला सांगायचे नाही.

फादरना बोलावणे गेले. जूनमध्येच बदलून आलेले, तरुण, गोल चेहऱ्याचे आणि कोणत्याही भांडणात दोन्ही बाजूंना मान डोलावणारे. त्यांनी टोपलीकडे पाहिले, बाकाकडे पाहिले आणि दोन्हींना मान डोलावली.

“डॉक्टर, देवाला काय, तणही त्याचंच. आशीर्वाद दिला की झालं. लोकांना कळणारसुद्धा नाही.”

“फादर, तुमचा देव चालवून घेईल,” सेवरीन म्हणाली. “माझे वडील घेणार नाहीत.”

यावरही फादरनी दोन्ही बाजूंना मान डोलावली.

हा सांधा उकलायला तिला लाझरनेच शिकवले होते. गुडघाभर चिखलात, आठ वर्षांची असताना. पान देठाला मिठी मारते तिथे भाताला एक पातळ, पांढरी जीभ असते. पाखडीला नसते. जीभ दिसली तर ठेव, नाही दिसली तर उपट. पुढे विद्यापीठात तिला त्या जिभेचे लॅटिन नाव कळले, पण तिच्या माहितीत त्याने भर पडली नाही. बाकी सगळ्यावर बापलेकीचे मतभेद होते. देव आहे की नाही, या एका मुद्द्यावर ते दर सुट्टीत जेवणापासून झोपेपर्यंत भांडत, आणि सकाळी लाझर म्हणत, “काल कुठवर आलो होतो?” तणाच्या बाबतीत मात्र दोघांमध्ये कधी मतभेद झाला नाही. उद्या त्यांच्या नावाने, तिच्या हातून, सगळ्या वाड्याला तण खाऊ घालायचे, हे तिला सोसवणारे नव्हते.

बोनिफासने फोन लावायला सुरुवात केली. यंदा पाऊस उशिरा आला होता, लावण्या लांबल्या होत्या, आणि ज्याला विचारावे त्याच्या शेतात नुसतीच पाती होती. “लोंबी अजून पोटरीतच आहे म्हणतात,” तो प्रत्येक फोननंतर सांगे, आणि दर वेळी त्याचा आवाज थोडा बारीक होई.

“पप्पांना कधी उशीर झाला होता का?” सेवरीनने विचारले. “शेत विकून तर कितीतरी वर्षं झाली. त्यांच्या बांधावर आता लिफ्ट आहे. आणत कुठून होते? बाजारातून?”

दारात हार ओवत बसलेली लेतीसबाय फस्सकन हसली. सत्तरीच्या पुढची, फुलांची सगळी व्यवस्था तिच्याकडे, आणि याच फुलांवरून लाझरशी तिचे जन्मभराचे भांडण.

“विकत? लाझर? अगं, तो मेणबत्तीसुद्धा दुसऱ्याची पेटलेली असेल तर तिच्यावरच पेटवायचा, काडी वाचवायला! बिशपांच्या ड्रायव्हरला त्यानं गाडीसकट बाहेर काढलं होतं, का, तर चाकाखाली शेवंती आली म्हणून. माझी शेवंती! आणि वर मलाच ओरडला, कडेला का लावलीस म्हणून.” तिने दोरा दाताने तोडला. “चल वर. तूही चल रे, पँटवाल्या.”

प्रार्थना-शिकवणीच्या सभागृहाला सपाट गच्ची होती. लेतीसबाय प्रत्येक पायरीवर थांबून एका संताचे नाव घेत वर चढली. संत संपत आले तेव्हा दार आले.

गच्चीवर, पाण्याच्या टाकीच्या आडोशाला, रंगाचे रिकामे डबे मांडलेले होते. चॅपेलला गेल्या कित्येक वर्षांत दिलेला प्रत्येक रंग तिथे हजर होता : निळा, पिवळसर, मग पुन्हा निळा. आणि प्रत्येक डब्यात भात उभे होते, पसवलेले, दुधावर आलेले, लोंब्यांच्या भाराने एका बाजूला कललेले.

“इथे लावायचा तो, दर वर्षी,” लेतीसबाय म्हणाली. “पण यंदा तर लाझर नाही! बघ, तरी उगवलं. चमत्कार, दुसरं काय!”

बोनिफासने क्रूस केला. मग, खात्रीसाठी, आणखी एकदा.

सेवरीन गुडघ्यांवर बसली. पहिल्या डब्यातल्या रोपाचा सांधा तिने उकलला. जीभ होती.

“भात आहे,” ती म्हणाली. “चमत्कार नाही. गेल्या वर्षीचे दाणे गळले असतील. पावसात रुजले. झड म्हणतात त्याला.”

“तू म्हण झड,” लेतीसबाय म्हणाली. “मी चमत्कार म्हणते. भात तेवढंच.”

स्पष्टीकरण चांगले होते. सेवरीन पुढच्या डब्याकडे सरकली आणि ते बिघडले. गळलेले दाणे पडतील तिथे उगवतात. हे भात ओळीत उगवले होते. डब्यांमध्ये पाखडीचे एकही रोप नव्हते. टाकीच्या सावलीत मात्र उपटलेल्या तणाचा लहानसा ढीग होता, खालचे तण वाळलेले, वरचे अजून हिरवे. तिसऱ्या डब्यातली ओळ तर अर्ध्यातून वाकडी होऊन डब्याच्या कडेला जाऊन टेकली होती. लाझर तावरोंची ओळ तिने जन्मात वाकडी पाहिली नव्हती.

तिने मान वर केली. लेतीसबाय दोन्ही हात पदराखाली घेऊन समुद्राच्या दिशेला अतिशय लक्षपूर्वक पाहत होती. त्या दिशेला फक्त एक इमारत होती.

“पुरेल का एवढं सगळ्यांना?” बोनिफासने विचारले.

“एकेका लोंबीला कितीतरी फांद्या असतात. घराला एक फांदी,” सेवरीन म्हणाली. “कमी चालेल. भात हवं.” तिने विळा घेतला. तिसरा डबा तिने कापला नाही. बोनिफासने कारण विचारले, तेव्हा तो अजून कोवळा आहे, असे तिने सांगितले. तो तसा नव्हता.

सकाळी चॅपेल बाहेरपर्यंत भरले. फादर सिप्रियनना गच्चीची हकीगत बोनिफासकडून कळली होती, आणि बोनिफासच्या तोंडून येईतो भात एका रात्रीत उगवले होते. प्रवचनात ती सांगून झाल्यावर फादर भारावून अट विसरले.

“आपल्यात शास्त्रज्ञ बसल्या आहेत. डॉक्टर, तुम्हीच सांगा, याला काय म्हणायचं?”

सगळ्या माना वळल्या. सेवरीन उभी राहिली. तिच्याजवळ पुरावा होता, निष्कर्ष होता, आणि निष्कर्ष तिसऱ्या बाकावर, घासून घासून लाल केलेल्या बोटांत जपमाळ धरून बसला होता. निष्कर्षाने मान खाली घातली होती.

“तपास चालू आहे,” ती म्हणाली आणि बसली.

लोक हसले. लाझरच्या लेकीकडून त्यांना एवढ्याचीही अपेक्षा नव्हती.

मग ती दारापाशी टोपली घेऊन उभी राहिली. माणसे येत, हात पुढे करत, आणि आशीर्वादाऐवजी लाझरची एकेक आठवण तिच्या पदरात टाकून जात. आमच्या पोरीच्या लग्नात त्यानं बँडवाल्यांना गप्प केलं, अँजेलसच्या प्रार्थनेची घंटा झाली म्हणून. माझं गुपित माझ्या कानात सांगायला आला आणि बहिरा होता ना, अख्ख्या वाड्याला कळलं. ती हसत पुढच्या हातावर फांदी ठेवत राहिली. अंगणात उसाची कांडी वाटली जात होती आणि मुलांच्या हनुवट्या रसाने चिकट झाल्या होत्या.

शेवटी लेतीसबाय आली. सेवरीनने तिच्या तळहातावर लोंबी ठेवली. फांदी नव्हे, अख्खी.

“तिसऱ्या डब्यातली ओळ वाकडी आहे,” ती हळूच म्हणाली.

लेतीसबायने लोंबी पदरात बांधली, सावकाश, गाठ दोनदा तपासत.

“या वयात बाय, चमत्कारालाही चष्मा लागतो.”

“सांगायचं होतंत.”

“सांगितलं असतं तर लेतीसचं भात झालं असतं.” ती उसाकडे वळली, दोन पावले गेली आणि थांबली. “जिना फार आहे गं तो. संत पुरत नाहीत.”

दुपारी वाड्यातल्या घराघरांतून भाजीच्या फोडण्यांचा वास येऊ लागला तेव्हा सेवरीन एकटी गच्चीवर गेली. तिच्या पर्समध्ये कामाच्या चिठ्ठ्या नेहमीच असत. दोरा ओवलेल्या, जाड कागदाच्या, पावसात न विरघळणाऱ्या. तिने एक चिठ्ठी तिसऱ्या डब्यातल्या वाकड्या ओळीच्या टोकाला बांधली. बियाण्यासाठी राखलेल्या भाताला बांधतात तशी. त्यावर वाणाचे नाव लिहायचे असते. तिने पेनाचे टोपण काढून स्वच्छ अक्षरात लिहिले : लाझर. खाली, नेहमीच्या सूचनेच्या जागी : पिकेपर्यंत कापू नये. जूनमध्ये पेरणे.

मग तिने बाही वर करून, वाकून सगळ्या डब्यांत पुन्हा एकदा बोट फिरवले. एक पाखडीचे रोप राहून गेले होते. तिने ते उपटले.