उजवा दाणा पडेपर्यंत

अठ्ठ्याऐंशी सालच्या एप्रिलातली सकाळ. राही अंगणात आमसुलांसाठी रातांब्याची सालं वाळत घालत होती. तिचा नवरा मुंबईला हॉटेलात कामाला. सासरा हरिश्चंद्र गावचा गुरव, तो देवळात. एकाएकी बेंबीपाशी कळ आली आणि राही सूप टाकून तिथेच आडवी झाली.

"आये, माजां पोट लय दुकतांय गो."

"पेज बादली आसंल. पड जरा," सासू सोनूबाई म्हणाली.

उन्हं चढली तशा हिरव्या उलट्या सुरू झाल्या. आता तिला डोलीत घालून डांबरी सडकेपर्यंत न्यायचं आणि रत्नागिरीची गाडी पकडायची, एवढंच करायचं होतं. पण घरची सून घराबाहेर काढायची म्हणजे आधी देवाला विचारायला हवं! हरिश्चंद्राने कौल लावला, म्हणजे देवाच्या पाषाणाला दोन्ही बाजूंनी ओले तांदूळ चिकटवले. उजवा दाणा पडला तर देव हो म्हणाला, डावा पडला तर नाही.

डावा पडला. त्याने पुन्हा गाऱ्हाणं घातलं, पुन्हा दाणे लावले. पुन्हा डावाच. घरात राही गुडघे पोटाशी घेऊन ओरडत होती आणि चार शहाणी माणसं देवळात बसून तांदळाच्या दाण्याकडे बघत होती. उजवा पडला तेव्हा दिवस कलला होता आणि राहीचं ओरडणं थांबलं होतं. सोनूबाईला वाटलं, देव पावला.

रत्नागिरीच्या डॉक्टरांनी पोट उघडलं आणि बाहेर येऊन ते हरिश्चंद्रासमोर बसले.

"आतड्याला पीळ पडला होता. रक्तपुरवठा तुटून सगळं काळं पडलं. लहान आतडं जवळजवळ सगळंच काढावं लागलं. सकाळी आणली असती तर पीळ सोडवून चालतीबोलती घरी पाठवली असती."

"आता?"

"आता ती खाईल, पण अंगी लागणार नाही. सलाईनवर माणूस किती दिवस काढणार?"

हरिश्चंद्राने सदरा वर केला. "माजां आतडां घ्या सायेब. आर्दां घ्या, सगळां घ्या. तिला जोडा."

डॉक्टर रागावले नाहीत. "परदेशात तसे प्रयोग चाललेत. दुसऱ्याचं आतडं जोडतात, पण शरीर ते ठेवून घेत नाही. बहुतेक पेशंट दगावतात. आपल्याकडे ते कुठेच होत नाही. पुढे कधीतरी होईल."

पुढे कधीतरी! राहीला आज भूक लागली होती. सोनूबाई तिला वाटीने पेज पाजायची. ती पेज तशीच बाहेर पडायची आणि राही पुन्हा वाटीकडे बघायची. खाऊनसुद्धा पोर उपाशी मरत होती. सोनूबाई पदर तोंडात कोंबून रडायची.

शेवटी शेवटी राही सासऱ्याला म्हणाली, "मामानू, भावजी आंब्यावरनं पडले, तेवा कौल लावलात काय?"

सखाराम, त्याचा धाकटा मुलगा, झाडावरून पडला तेव्हा लोक डोली घेऊन धावत सुटले होते. देवाची आठवण कुणाला झाली नव्हती. कौल फक्त बायकांच्या दुखण्याला लागत होता.

मे संपायच्या आत राही गेली. नवरा अग्नी द्यायला आला आणि बापाशी एक शब्द न बोलता परत गेला.

मिरगाच्या सुमाराला शेजारचा भागोजी बायकोसाठी तांदूळ घेऊन देवळात आला. "हौसाच्या पोटात दुकतांय. कौल लाव."

"नाय लावणार. डोली बांद."

"देव कोपंल, गुरवा! गाव तुजां गुरवपण काडून घेईल."

"घेऊ दे. तुजा बैल आजारी पडला तेवा तू सरळ ढोरांच्या डॉक्टराकडं पळालास. तेवा इचारलंस देवाला? बायलेचा जीव बैलापरीस हलका काय रे?"

भागोजीने तांदूळ तिथेच ठेवले आणि डोली बांधली. डोलीची दांडी म्हाताऱ्या हरिश्चंद्राने स्वतःच्या खांद्यावर घेतली.

हौसाचं दुखणं साधं अपचनाचं निघालं. औषधाची बाटली घेऊन ती संध्याकाळी परत आली. गावाने हरिश्चंद्राची यथेच्छ टर उडवली. त्याने उडवू दिली. राहीच्या पोटातसुद्धा सकाळी साधंच दुखतंय, असं सगळ्यांना वाटलं होतं.